धिंगरीच्या पिशव्या: पहिली तोडणी आणि काडातल्या ऊर्जेचा हिशेब

गव्हाच्या काडावर लावलेल्या धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूम) पिशव्यांची पहिली तोडणी झाली, दुसऱ्या बहराच्या कळ्या दिसू लागल्यात.

काड ३ ते ५ सेंटीमीटर कापून रात्रभर भिजवलं. ते पाणी ओतून द्यायचं. त्यात काडातली सुटी साखर उतरलेली असते आणि ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी आधी तिच्यावर फोफावते. मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर. निथळल्यावर मूठभर काड घट्ट दाबलं की जेमतेम एखादा थेंब पडावा. जास्त ओल राहिली तर हवा कोंडते, धिंगरीचा श्वास अडतो, आणि आंबूस वास येऊन जिवाणू बाजी मारतात. ५ किलो ओल्या काडाला १०० ग्रॅम स्पॉन (धिंगरीचं बियाणं) थराथरानं घातलं, पिशवीला टाचणीनं २०-२५ छिद्रं पाडली.

खरी गंमत अंधारातल्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असते. धिंगरी अन्न बाहेरच पचवते: तिच्या तंतूंमधून विकरं (एन्झाइम्स) पाझरतात, काडातल्या सेल्युलोजची साखर होते, ती शोषली जाते. लिग्निन (काडाला कडकपणा देणारा घटक) फोडण्यातून तिला ऊर्जा मिळत नाही; आत दडलेल्या सेल्युलोजपर्यंत पोचायला ती हा खर्च करते. काड फिकट पडतं ते त्यामुळेच. पिशवीच्या मध्यात थर्मामीटर खुपसा, खोलीपेक्षा २ ते ४ अंश जास्त दिसतील. ही श्वसनाची उष्णता. म्हणून पिशव्या खेटून ठेवू नयेत. आत ३० अंशांच्या वर गेलं की वाढ मंदावते.

काडात नायट्रोजन कमी. निसर्गात धिंगरी ती उणीव सूत्रकृमी (दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म कृमी) मारून भरते: तंतूंवरच्या विषारी थेंबांनी कृमी लुळा पडतो, मग तंतू त्याच्या अंगात शिरतात. आपण कोंडा घालून ते साधायला गेलो तर पिशवी तापते आणि हिरवी बुरशी येते. नवख्यांनी कोंडा टाळावाच.

तंतू पसरून पिशवी पांढरी झाल्यावर प्लास्टिक काढलं. आर्द्रता ८५ टक्के, पेपर वाचता येईल इतका उजेड. उजेड इथे अन्न नाही, फक्त कळ्या धरण्याचा इशारा आहे. देठ लांब नि छत्री बारीक आली तर कार्बन डायऑक्साइड साचलाय, खिडकी उघडा. कडा वर वळण्याआधी पिळून तोडा.

किलोभर कोरड्या काडातून सगळे बहर मिळून ७००-८०० ग्रॅम ताजी धिंगरी मिळाली, तरी त्यात ९० टक्के पाणीच. कोरडा ऐवज ७०-८० ग्रॅम. काडाचं बरंच वजन श्वसनात जातं, उरलेलं गांडुळांच्या वाफ्यात. हा हिशेब करायचा असेल तर काड भिजवण्याआधीच तोलून ठेवा.