उपाशीपोटीची साखर

त्या काकूंची वही अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शाळेची साधी वही, पेन्सिलीने आखलेले रकाने आणि रोजची उपाशीपोटीची साखर: 212, 198, 224, 207. जेवणानंतरचे आकडे त्यामानाने बरे, सकाळचेच वाईट. वय 58, वजन 52 किलो, इन्सुलिन दिवसाला 60 युनिट. एवढ्या किडकिडीत बाईंना एवढं इन्सुलिन देऊनही साखर हलत नाही, याचा मी एकच अर्थ काढला. वहीत लाल पेनने लिहिलं, ‘रात्रीचं खाणं बंद.’

“आठनंतर मी तोंडात काही घालत नाही हो, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि डोस वाढवला.

यकृताची एन्झाइम्स वाढलेली, एसजीओटी 64, एसजीपीटी 71; प्लेटलेट्स कमी, 1 लाख 32 हजार. मधुमेह आहे, यकृतात चरबी असणारच, असं म्हणून मी तेही सोडून दिलं. वय, ही दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून फिब-4 हा निर्देशांक मिनिटभरात काढता येतो. नंतर काढला तेव्हा 3.3 आला. 3.25 च्या वर गेला की यकृतात बराच व्रण साठला असावा, असं धरून पुढे तपासायचं असतं.

उलगडा झाला तो सूनबाईंनी सगळ्या जुन्या फायली पिशवीत भरून आणल्या त्या दिवशी. दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या फाइलमध्ये मागच्या बाजूला पिन केलेला एक कागद होता: एचसीव्ही अँटिबॉडी, रिअॅक्टिव्ह. म्हणजे यकृताला जडणाऱ्या हिपॅटायटिस सी च्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली होती. शस्त्रक्रियेआधी ही तपासणी सर्रास होते. पण ती करणाऱ्यांनी स्वतःपुरती काळजी घेतली, केस यादीत शेवटची ठेवली आणि फाइल मिटली. बाईंना कुणी एक शब्द सांगितला नव्हता. याचा मला आजही संताप येतो.

विचारल्यावर कळलं, 1986 साली बाळंतपणात दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. हिपॅटायटिस सी चा विषाणू सापडला 1989 मध्ये, तेव्हा ते रक्त तपासणार कोण आणि कसं? आरएनए, म्हणजे रक्तातला खुद्द विषाणूचा अंश, तपासला; विषाणू अंगात होताच.

हा विषाणू यकृताच्या पेशीत इन्सुलिनचा निरोप पुढे नेणारी प्रथिनं मोडतो. मग इन्सुलिन कितीही असो, ‘आता साखर सोडू नकोस’ हा निरोप यकृताला नीट पोचत नाही आणि ते रात्रभर साखर ओतत राहतं. म्हणजे वहीतले सकाळचे आकडे खरं बोलत होते. काकूही.

विषाणू मारणारं सोफोसबुविर-वेल्पाटासविर सुरू केलं, रोज एक गोळी, 12 आठवडे. आणि इथे माझी दुसरी चूक झाली. विषाणू झपाट्याने घटला की साखर अचानक उतरू शकते. माहितीपत्रकात तसा इशारा छापलेला असतो. मी यकृताकडे बघत राहिलो आणि इन्सुलिनला हात लावला नाही. चौथ्या आठवड्यात पहाटे सूनबाईंचा फोन: काकू घामाने चिंब, असंबद्ध बोलतायत. ग्लुकोमीटरवर 44. गिळता येत होतं, म्हणून फोनवरच साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी 81. ती पंधरा मिनिटं मी फोन कानाला लावून उभा होतो.

उपचार संपून 12 आठवड्यांनी आरएनए आढळला नाही. इन्सुलिन 22 युनिटांवर आलं, एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, 9.6 वरून 7.2 वर. सगळ्यांच्याच साखरेत एवढा फरक पडत नाही, काहींची पुन्हा चढते, आणि यकृतावरचे व्रण आहेत म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच राहणार. अँटिबॉडी मात्र जन्मभर रिअॅक्टिव्हच दिसेल. पुढच्या एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी कुणी घाबरवू नये म्हणून ‘बरी झालेली केस, आरएनए तपासा’ असं लिहून त्यांच्याकडे दिलं आहे.

ते पत्र काकूंनी त्याच वहीत ठेवलं. पानं उलटताना माझी लाल ओळ आली. मी पेन काढून ती खोडायला लागलो, तर त्या म्हणाल्या, “राहू द्या. सुनेला दाखवायची आहे. तिलाही तेव्हा तुमचंच खरं वाटलं होतं.”