एका गुणाचा ताळा

"मॅम, माझ्याकडे तुमचे पन्नासच आहेत."

बास्केटबॉलचा सामना चालू होता. पाहुण्या संघातर्फे गुणांची वही भरणारे शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा मान न वळवता हळूच म्हणाले. समोरच्या बोर्डावर आमचे 51, पाहुण्यांचे 50. घड्याळात 38 सेकंद उरलेले. माझ्या वहीतही 51 च होते. पोटात गोळा आला.

मी मेरीलँडमधल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते. इथे शाळा चालवते ती काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अख्ख्या राज्यात शाळांच्या फक्त 24 यंत्रणा आहेत: 23 काउंटी आणि बाल्टिमोर शहर. त्यामुळे स्पर्धाही आधी काउंटीतल्या काउंटीत. समोरच्या संघातली निम्मी पोरं आमच्या पोरांबरोबर एकाच मिडल स्कूलमध्ये शिकलेली, एकाच पिझ्झाच्या दुकानात बसणारी. तालुक्याच्या शाळेला शेजारच्या गावाशी हरलेलं जितकं झोंबतं, तितकंच इथेही झोंबतं.

शरद ऋतूत शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉल. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अंड्यासारख्या चेंडूचा. तिथे माझी ड्युटी तिकिटाच्या टेबलावर असते. नोव्हेंबर मध्यावर आला की हॉलमध्ये बास्केटबॉलचा सराव सुरू होतो आणि फुटबॉलमधली चार-पाच पोरं इकडे येतात. फुटबॉलचा संघ बाद फेरीत टिकला, की बास्केटबॉलच्या कोचचा जीव टांगणीला. पोरं उशिरा येतात आणि येताना खांदे फुटबॉलचेच घेऊन येतात. आमचा 52 नंबर असाच. मैदानावर समोरच्याला आडवा पाडला की टाळ्या मिळायच्या, इथे तेच केलं की शिट्टी वाजते. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि हा गडी पहिल्या तीन सामन्यांत दोनदा बाहेर गेला होता.

हे फाउल मोजायचं काम माझं. माझे बाबा कराडला वर्षानुवर्षं क्रिकेटचे स्कोअरर होते आणि सातवीत असताना त्यांनी मला शेजारी बसवून वही भरायला शिकवलं होतं. स्टाफरूममध्ये हे एकदा बोलून गेले, तेव्हापासून यजमानांची वही माझ्या गळ्यात. यजमान संघाची वही हीच अधिकृत; बोर्डावरचे लाल आकडे नुसते लोकांना बघायला.

वही तशी सोपी आहे. चालू खेळात टाकलेल्या गोलला 2, लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर 3. फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीला, रिकामं वर्तुळ काढायचं, चेंडू आत गेला की ते भरायचं. फाउल झाला की पी-1, पी-2 वर काट मारायची. कडेला 1 पासून चढते आकडे छापलेले असतात, गुण झाले की ते कापत जायचं. रेफरी टेबलाकडे येऊन बोटांनी नंबर दाखवतो. हायस्कूलच्या जर्सीवर 5 च्या पुढचा अंकच नसतो, 52 चालतो पण 57 चालत नाही, ते त्यासाठीच: एका हाताला बोटं पाच. हे कळलं तेव्हा मला फार आवडलं होतं. क्रिकेटमध्ये अंपायर स्कोअररचा हात वर होईपर्यंत थांबतो, त्यातलाच प्रकार.

प्रत्येक क्वार्टर आठ मिनिटांचा, आणि तो संपला की दोन्ही वह्यांचा ताळा करायचा. तिसऱ्या क्वार्टरनंतर आम्ही तो केला नाही. बझर वाजता वाजता 52 नंबरने कुणाला तरी खांद्याने धडक दिली आणि आमचे कोच थेट टेबलावर येऊन वाकले. "त्याचे तीन की चार?" चार. "नक्की?" नक्की. मी काटा मोजून दाखवेपर्यंत पोरं परत मैदानात उतरली होती.

आता आजोबांनी त्यांची वही माझ्याकडे सरकवली. त्यांची मुलं त्या शाळेकडून खेळून कॉलेज उरकून नोकरीला लागली, तरी हे वही धरून आहेत. आम्ही ओळीने खाली आलो. आमचा 24 नंबर, तिसरा क्वार्टर, डाव्या कोपऱ्यातून. माझ्याकडे 3, त्यांच्याकडे 2.

आठवलं. चेंडू जाळीत पडला तेव्हा आमच्या बाजूचे सगळे तीन बोटं उंचावून उभे राहिले होते. मी रेफरीकडे बघितलंच नव्हतं, लोकांकडे बघून लिहिलं होतं. बोर्ड चालवणाऱ्या सहकाऱ्यानेही तेच केलं होतं.

दोन वह्या जुळल्या नाहीत आणि रेफरीला काही ठाम आठवत नसेल, तर अधिकृत वही चालते. म्हणजे मी गप्प बसले असते तर माझेच 51 चालले असते. हा नियम त्या क्षणी मला लख्ख आठवला, हे कबूल करते.

चेंडू बाहेर गेला. मी हॉर्न वाजवायला सांगितलं.

तीनपैकी सर्वांत ज्येष्ठ रेफरी आल्या. मी 24 नंबरच्या घरावर बोट ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "डावा कोपरा. पायाचा अंगठा रेषेवर होता. मी दोनच दिले होते." नोंदीतली चूक रेफरी अंतिम गुणसंख्या मान्य करेपर्यंत केव्हाही सुधारता येते. 3 खोडून 2 केला आणि कडेचे आकडे एकेक घर मागे घेत आले. पेन घामाने निसटत होतं. बोर्डावर 50-50 उमटलं आणि आमच्याच बाजूने असा गलका उठला की मी मान वर केली नाही. माझ्या वर्गातले पालक ओळखीच्या आवाजात ओरडत होते. कोच काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

चार मिनिटांचा जादा वेळ झाला. 52 नंबर पाचव्या फाउलवर बाहेर गेला आणि आम्ही 57-54 हरलो.

घरी येऊन कराडला फोन लावला. तिकडे शनिवारची सकाळ, बाबांचा दुसरा चहा. शाबासकी मिळेल अशी माझी समजूत.

"क्वार्टर संपल्यावर ताळा का नाही केलास?"

"अहो बाबा, कोच आले होते मध्येच, फाउल विचारायला."

"ते येणारच. आमच्याकडे कॅप्टन यायचे. त्यांना थांब म्हणायचं."

सोमवारी दुसऱ्या तासाला 24 नंबर नेहमीच्या तिसऱ्या बाकावर. बीजगणिताची वही न उघडता त्याने विचारलं, "मिस डी, माझे सतरा की सोळा?"

"सोळा."

त्याने पाय बाकाबाहेर काढून बुटाकडे जरा वेळ बघितलं. "तेरा नंबरचा आहे," तो म्हणाला. "बाराचा असता तर सतरा झाले असते."