देठावरून अंगठा फिरवला तेव्हा

न्यू जर्सीत आलो त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शिंकांनी जीव नकोसा केला. मागच्या अंगणात, पाणी साचतं त्या कोपऱ्यात, गोल्डनरॉड नावाच्या रानफुलाचे पिवळेधमक तुरे डोलत होते. हेच कारण, असं ठरवून अर्धी रोपं उपटून टाकली. पुढच्या उन्हाळ्यात सगळी पुन्हा हजर! जमिनीखाली आडवी खोडं पसरलेली असतात, वरून उपटून काय होणार.

शिंकांचं मूळ शेजारीच उभं होतं: रॅगवीड नावाचं तण. फुलं हिरवट, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी, पण पराग वाऱ्यावर उधळणारी. गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट, ते मधमाश्यांच्या अंगाला लागून जातात. दोन्ही एकाच सुमारास फुलतात, आणि बोल लागतो दिसणाऱ्याला.

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. निदान माझ्या गोल्डनरॉडच्या जातीचं नाव तरी नीट शोधू म्हटलं. ॲपने फोटो बघून ‘सॉलिडॅगो कॅनडेन्सिस’ सांगितलं. पानाला तीन ठळक शिरा होत्या, म्हणजे जुळत होतं. पण तशा शिरा तिच्या दोन-तीन बहिणींनाही असतात. कॅनडेन्सिसच्या देठावर, निदान वरच्या अर्ध्या भागात, लव हवी. मी अंगठा फिरवला तर देठ गुळगुळीत, आणि द्राक्षावर असते तशी पांढुरकी भुकटी बोटाला लागली. तुऱ्याच्या फांद्यांवर मात्र बारीक लव! त्या घोळात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं, ‘सॉलिडॅगो जायगँटिया’ अशीच असते: देठ गुळगुळीत, तुरा लवदार. ओलसर जागाही तिच्याच आवडीची.

भिंगाखाली तर आणखी मजा. ज्याला मी एक फूल समजत होतो, तो फुलांचा गुच्छ निघाला. कडेला जिभेसारखी 11 स्त्री-फुलं, मध्ये नळीसारखी 9 द्विलिंगी. शेवंती, झेंडू आणि आपल्या कासची सोनकी याच कुळातल्या. पुण्यात बुकेमध्ये जरबेराच्या मागे खोचतात ती पिवळी काडीही गोल्डनरॉडच, हे मला इथे येऊन कळलं.

जानेवारीत वाळलेल्या देठांवर गोट्यांएवढ्या गाठी दिसल्या. एक चाकूने कापली. आत एका माशीची पांढरी, गुबगुबीत अळी. शरीरात ग्लिसरॉल साठवून ही अळी गोठवणाऱ्या थंडीतही जिवंत राहते. बाकीच्या गाठी तशाच ठेवल्या. दोन गाठींना सुतार पक्ष्याने आधीच भोक पाडलं होतं.