तुम्ही विचारलंत म्हणून : वही कुणाकडं?

“अण्णा, तुमचा तो चादरींचा ग्रुप कुठल्याच कंपनीचा नाही म्हणता. मग त्याचा भरवसा काय? उद्या गेला तर?”

हा प्रश्न मला इथं सोलापुरात अशोक चौकातल्या टपरीवर विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, परवा तर दवाखान्यात नंबर लावून बसलो असतानाही. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर देतो आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. आज सगळं सांगतो.

ग्रुप कसला, ते आधी. माझे वडील शहराच्या पूर्व भागात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे. ग्राफच्या कागदावर नक्षी रंगवायची, एकेक चौकोन मोजायचा आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. एक पट्टी म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. भोक असेल तिथं ताण्याचा, उभा, धागा उचलला जाणार, नसेल तिथं खालीच राहणार. अशा शेकडो पट्ट्या दोरीनं ओवल्या की मागावर मोर उतरायचा, कमळ उतरायचं. माग विकले गेले तशी ही कार्डं रद्दीत गेली. वडिलांनी आयुष्यभर पाडलेल्या नक्ष्यांची नोंद आमच्या घरातसुद्धा नव्हती. जुन्या चादरी मात्र लोकांच्या ट्रंकेत अजून आहेत. त्यांचे फोटो टाकायचे, नक्षी ओळखायची, रंग आणि काठ लिहून ठेवायचे, एवढ्यासाठी हा ग्रुप.

तो मी लेमीवर काढला. २०२३ च्या मध्यावर रेडिट या गप्पा-चर्चांच्या वेबसाइटनं बाहेरच्या ॲपवाल्यांना जबर दर लावले, तेव्हा तिथले पुष्कळ लोक लेमीकडं वळले. मलाही तेव्हाच तिचं नाव कळलं. लेमी ही एक वेबसाइट नाही. शेकडो वेगवेगळे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका सामाईक पद्धतीनं ते एकमेकांशी बोलतात. ही पद्धत २०१८ पासून वेबचं अधिकृत मानक आहे. ट्विटरसारखं असलेलं मॅस्टोडॉनही त्यावरच चालतं. म्हणजे तुमचं खातं जर्मनीतल्या सर्व्हरवर आणि माझं दुसरीकडं असलं तरी आपण एकाच ग्रुपमध्ये लिहू शकतो. मला हे फार आवडलं होतं, अजूनही आवडतं. कुणी एक मालक नाही म्हणजे कुणी एकानं बंद करायचा प्रश्नच नाही, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो.

आईला सांगितलं तेव्हा ती सुपात तंबाखू घेऊन बसली होती. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या आणि विडीवाल्या बायकांची भिशी चालवली. तिनं तेलुगूत विचारलं, ते मराठीत असं होईल : “वही कुणाकडं आहे? आणि तिला काय झालं, तर दुसऱ्या कुणाला हिशेब ठाऊक आहे का?” मी म्हणालो, आई, इथं वही सगळ्यांकडं असते. ती काही बोलली नाही.

वही सगळ्यांकडं नव्हती. हे कळलं जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात. ज्या सर्व्हरवर ग्रुप होता तो एका सकाळी उघडेना. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. चालवणारा एकटा माणूस होता. त्याला कधी भेटलो नाही, बोलणंही दोनदाच झालेलं. सूचना नाही, निरोप नाही.

तरी माझा जीव भांड्यात पडला, कारण दुसऱ्या एका सर्व्हरवर माझं जास्तीचं खातं होतं आणि तिथून ग्रुप जसाच्या तसा दिसत होता. इचलकरंजीच्या एका ताईंचा प्रश्न वरच होता : काठाला घोड्यांची रांग असलेली चादर कुठल्या काळातली असेल? मी रात्री बसून सविस्तर उत्तर लिहिलं. वडिलांच्या एका जुन्या ग्राफचा तुकडा सापडला होता, त्याचा फोटोही जोडला. पोस्ट लगेच दिसली. मग वाट बघत बसलो. कुणी काहीच बोललं नाही. मला वाटलं, यात्रेत असतील सगळे.

पुढं पंधरा दिवसांनी विडी घरकुल वसाहतीतले एक निवृत्त मास्तर घरी आले, ग्रुपचे जुने सभासद. आल्या आल्या थोड्या रागातच म्हणाले, “मी तीन पोस्टी टाकल्या, तुम्ही एकीलाही उत्तर दिलं नाहीत.” मी म्हणालो, तुमची एकही पोस्ट आली नाही. दोघांनी फोन काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ग्रुपचं नाव तेच, वरचं चित्र तेच. डिसेंबरपर्यंतचं सगळं ओळीनं जुळत होतं. त्यानंतर माझ्या फोनवर माझी घोड्यांची पोस्ट आणि मीच लिहिलेल्या दोन ओळी. त्यांच्या फोनवर त्यांच्या तीन चादरी. माझं त्यांच्याकडं नाही, त्यांचं माझ्याकडं नाही. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी बोलतोय असं समजून आपापल्या भिंतीशी बोलत होतो. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

असं का होतं ते मी नंतर शिकलो. लेमीवरच्या प्रत्येक ग्रुपला एक घर असतं, एकच सर्व्हर. तुम्ही कुठूनही पोस्ट टाका, ती आधी त्या घरी जाते आणि तिथून बाकीच्या सर्व्हरना वाटली जाते. घर गेलं की वाटणारा गेला. बाकीच्या सर्व्हरवर उरते ती नक्कल, आणि तीही तिथल्या कुणी सभासदत्व घेतलं तेव्हापासूनची. तुमचा सर्व्हर तुमची नवी पोस्ट तुम्हाला निमूट दाखवतो, पुढं मात्र ती कुणाकडं जात नाही. ग्रुप बंद पडलाय अशी पाटीसुद्धा लागत नाही. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. मोडलेलं मोडलेलं दिसलं असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागला असता.

फोटोंचं तर विचारूच नका. पोस्टचा मजकूर बाकीच्या सर्व्हरवर उतरतो, पण चित्र बहुधा ज्या सर्व्हरवरून टाकलं तिथंच राहतं, इतरांकडं त्याचा नुसता पत्ता असतो. माझं मूळ खातं आणि ग्रुप एकाच सर्व्हरवर. चारशेच्या वर फोटो मी टाकलेले. नक्षीच्या ग्रुपात नक्षीच गेली.

मालक पळाला म्हणूनच सर्व्हर बंद पडतात असंही नाही. जुलै २०२३ मध्ये माली देशानं .एमएलनं संपणाऱ्या आपल्या वेब-पत्त्यांचा कारभार परत ताब्यात घेतला आणि तशा नावावर चालणाऱ्या एका लेमी सर्व्हरचा पत्ताच गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये .एएफ, म्हणजे अफगाणिस्तानच्या नावावर चालणाऱ्या एका मॅस्टोडॉन सर्व्हरचं नाव तालिबान सरकारनं काढून घेतलं. आणि जून २०२५ अखेर लेम.ईई हा लेमीवरचा एक मोठा, नीट चाललेला सर्व्हर रीतसर कळवून बंद झाला. कारण, सांभाळायला माणसं पुरत नव्हती. ते वाचून मला आमच्या मालकाबद्दलचा राग आवरता आला. रात्री-अपरात्री घाणेरडे फोटो काढून टाकायचे, भांडणं सोडवायची, बिल भरायचं, हे फुकटात किती दिवस करणार एकटा माणूस?

मग कंपनीकडं जायचं का? तुमचा खरा प्रश्न हाच असतो, मला कळतं. ऑर्कुटवरचे आपले ग्रुप आठवतात? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, आपलं देशी कू जुलै २०२४ मध्ये. कंपनीची वही कंपनीच्या कपाटात, आणि तिथं विचारायलाही आपल्याला जागा नसते.

म्हणून मी पुन्हा लेमीवरच ग्रुप काढला. पण या वेळी आधी आईचा प्रश्न विचारला. मॅस्टोडॉनच्या मंडळींनी २०१९ मध्ये आपल्या यादीतल्या सर्व्हरसाठी काही अटी घातल्या : रोज बॅकअप, चालकाखेरीज निदान आणखी एकाच्या हाती किल्ली, बंद करायचं तर तीन महिने आधी सूचना. नियम मॅस्टोडॉनचे, पण मी तेच हातात धरून लेमीचे सर्व्हर तपासले. बऱ्याच जणांना पत्रं लिहिली. काहींनी उत्तर दिलं नाही, तेही एक उत्तरच. ज्यांच्याकडं गेलो तिथं तिघांकडं किल्ल्या आहेत, खर्च आणि वर्गणी दर महिन्याला मांडतात, आणि सर्व्हर अडला की त्याच दिवशी दुसऱ्या जागी कळवतात. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त मार्क देतो. अडचणीच्या दिवशी जो बोलतो, त्याच्यावर मी विसंबतो.

आमच्याकडूनही चुका होत्या, त्या सुधारल्या. ग्रुपचे चालक आता तिघं आहोत, तिघांची खाती तीन वेगळ्या सर्व्हरवर. ग्रुपचं घर शाबूत असलं, तर आमच्यातल्या एकाचा सर्व्हर पडला तरी ग्रुप बिनधन्याचा होत नाही. फोटो टाकण्याआधी मूळ फाइल माझ्या हार्ड डिस्कवर आणि मास्तरांच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर जाते. सभासदांशी संपर्क कसा करायचा, त्याची यादी कागदावर आहे. साधी दोनशे पानी वही. आईच्या भिशीच्या वहीशेजारी ठेवलीय.

तर भरवसा आहे का? या ग्रुपचा आज आहे. दर जानेवारीला आम्ही तिघं पुन्हा तपासतो, आणि तो उरला नाही असं दिसलं तर हलायची तयारी आहे.

गेलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या फोनमधून परत मिळाले. इचलकरंजीच्या ताईंना घोड्यांचं उत्तर मी पोस्टानं पाठवलं. एका चादरीचा मात्र फोटो कुठंच नाही, माझ्या हातची फक्त एक ओळ नकलेत उरलीय : “लाल जमीन, दोन्ही टोकांना समोरासमोर मोर, मधे आठ पाकळ्यांचं कमळ, काठ काळा.” ही नक्षी माझ्या वडिलांनी पाडलेली. ज्यांची चादर होती त्यांच्या घरच्यांनी ती देऊन टाकली. तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर, गावाकडच्या घरात अशी चादर असेल तर उजेडात पसरून एक फोटो काढा आणि मला पाठवा. आणि मूळ फाइल तुमच्याकडंही ठेवा.