माजघरातला कंदील अखेर जमला

मागच्या नोंदीपर्यंत प्लेगच्या लघुपटाचं सगळं काम एका प्रसंगापाशी अडून होतं. मार्च १८९७, पुणे, वाड्याचं माजघर. झडती घ्यायला गोरे शिपाई येण्याच्या आदल्या रात्री घरातल्या आजारी मुलाला आतल्या खोलीत लपवतात, आणि प्रकाश एका कंदिलाचा. तो कंदील आता जमला आहे आणि पडद्यावर फार सुंदर दिसतो आहे!

अडचण नेमकी काय होती ते आधी. खऱ्या वातीच्या कंदिलापासून एक मीटरवर जेमतेम आठ-दहा लक्स (उजेडाचं माप) प्रकाश पडतो. सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर १/५०, लेन्सचं छिद्र एफ/२ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर चेहरा नीट उजळायला साधारण पंधरा लक्स लागतात, म्हणजे चेहरा पाऊण स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तेवढं चालतं, रात्रच आहे. पण त्या एक्सपोजरला ज्योत चेहऱ्याच्या बारा-तेरा स्टॉप वर जाते. कुठलाही लॉग प्रोफाइल (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारी रेकॉर्डिंगची पद्धत) एवढं पोटात घेत नाही. कंदिलाच्या जागी पांढरा गोळा दिसतो आणि काचेचा आकारसुद्धा उरत नाही.

ऑनलाइन मिळणारे ‘फ्लेम’ एलईडी बल्ब यावर उपाय नाहीत. बहुतेकांचं डिमिंग पीडब्ल्यूएमवर, म्हणजे बल्ब झपाट्याने चालू-बंद करून, चालतं आणि फ्रेम ओळीओळीने टिपणाऱ्या रोलिंग शटरवर आडवे पट्टे सरकतात. पीडब्ल्यूएमचा ठोका ५० हर्ट्‌झशी जुळलेला नसतो, त्यामुळे शटर १/५० ठेवूनही ते जात नाहीत. शिवाय ती लुकलुक मुळातच चुकीची आहे. काचेआडची ज्योत थरथरत नाही, समईची थरथरते. कंदिलाच्या प्रकाशात हलतात त्या सावल्या, कारण कंदील हातात हलतो. दोन बाजूंच्या नळ्यांचे दोन काळे पट्टे भिंतीवरून फिरतात, त्यातच सगळा जीव आहे.

जमलेली रचना अशी. मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा साधा तारेचा बल्ब, पारदर्शक काचेचा. पिवळी रंगवलेली काच नको. होल्डरसकट नाना पेठेत कुठेही मिळतो. बल्बची काच ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधी करायची, नाहीतर बारीक तारेमुळे सावल्यांच्या कडा सुरीसारख्या येतात. एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट) लावून व्होल्टेज आठवर आणायचं. तिथे रंग साधारण २२०० केल्विनपर्यंत उतरतो (आकडा कमी तितका उजेड तांबूस) आणि उजेड खऱ्या ज्योतीच्या आसपास राहतो. डीसी असल्याने पट्ट्यांचा प्रश्नच येत नाही. कन्व्हर्टर पसोड्या विठोबाच्या गल्लीतून घ्या, आणि दुकानातच मीटर लावून आठ व्होल्टला सव्वा अँपिअर स्थिर देतो का ते बघा. हीटसिंक नसेल तर चिकटवून घ्या.

आता काच. कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या भागाला आतून कापराची काजळी धरायची. आतूनच, म्हणजे हाताळताना पुसली जात नाही. वर दाट, मध्ये विरळ. मागची अर्धी काच स्वच्छ, तिथूनच भिंत आणि माणसं उजळतात. कॅमेऱ्याला फक्त तांबूस काच दिसते, आणि जुन्या कंदिलाला काजळी शोभतेच. ज्योतीचा क्लोजअप वेगळा घ्यायचा: दुसरा, खरा पेटवलेला कंदील आणि आयएसओ ८००.

एक्सपोजर बघताना नुसता वेव्हफॉर्म (एकूण उजेडाचा आलेख) पुरत नाही, आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) लावा. या रंगात लाल चॅनेल आधी फुटतो आणि कपाळाचा पोत जातो, तर निळा उपाशी राहून अंधारात दाणे आणतो. व्हाइट बॅलन्स ३००० वर ठेवलं की त्वचा हळदीसारखी न होता ऊब राहते.

याच प्रकाशाने एक नवं काम काढलं आहे. प्रसंगातल्या आजीचं आलवण. तांबडं कापड २२०० केल्विनखाली इतकं उजळ होतं की ते फिकट बदामी वाटतं, आणि विधवेचं वस्त्र म्हणून ओळखूच येत नाही. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, कंदील घेऊन जा. सध्याचं लुगडं आणखी दोन छटा गडद, जवळजवळ मातकट लाल रंगवून घ्यायचं आहे. पांढरी धोतरं चहाच्या पाण्यातून काढली ती मात्र पहिल्या फटक्यात छान बसली. तांबट आळीतून आणलेले कल्हईचे टोपही या उजेडात अप्रतिम चमकतात.

मूळ बेत कंदील खुंटीला टांगून कॅमेरा तिकाटण्यावर ठेवण्याचा होता, कारण सात अँपिअर-अवरची बॅटरी फडताळाआड आणि वायर भिंतीवरून. पण बल्ब आठ व्होल्टवर चालतो म्हटल्यावर १८६५० चे (रिचार्ज होणारे लिथियम) तीन सेल सिरीजमध्ये पुरतात. ६५ मिलिमीटर लांबीचे तीन सेल आडवे ठेवले की कंदिलाच्या टाकीतच मावतात, संरक्षक सर्किटसकट. २६०० एमएएचचे घेतले तर दीड तास सहज. साडेनऊ व्होल्टखाली कन्व्हर्टर दम सोडतो, म्हणून दर तासाला सेल बदलायचे. टाकी कोरी हवी. रॉकेल भरलेली टाकी कितीही धुतली तरी तिला कापणं किंवा डाग देणं धोक्याचं, वाफ आत राहते.

म्हणजे आता कंदील हातात घेऊन ओसरीवरून माजघरात, तिथून आतल्या खोलीत, असा सलग शॉट शक्य आहे. टांगलेल्या कंदिलाचा बेत रद्द. सावल्या जरा उजळणाऱ्या भराव प्रकाशाला गोल कागदी आकाशकंदील, आत १०० वॉटचा साधा तारेचा पिवळा बल्ब, व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) १२५ व्होल्ट. रंग बरोबर जुळतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर इथे वापरू नका, तार गुणगुणते आणि ध्वनीत येते. आकाशकंदील बूमच्या काठीला बांधून कंदिलाच्याच बाजूने, फ्रेमच्या जरा वर चालवायचा.

राहिलं एकच: सलग शॉटमध्ये कंदील फिरला की काजळीची बाजू कॅमेऱ्यापासून वळते. कडीला तारेचा आडवा अटकाव लावून कंदील हातात एकाच दिशेला धरता येतो का, ते आधी बघायचं. नाही जमलं तर काजळी पूर्ण गोलाकार पण पातळ, आणि बल्ब साडेनऊ व्होल्टवर. त्यासाठी मात्र चौथा सेल लागेल, आणि टाकीत जागा आहे का ते मोजायला घेतलं आहे.