हुंकारा

चैत्र सरत आला की अमळनेरला आमच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, पडतात. ज्वारी तीन दिवस भिजलेली, घाटा पहाटेच शिजलेला. दहाच्या आत आटपावं लागतं, नंतर गच्चीवर पाय टेकवत नाही. हात घाट्याने बरबटलेले, डोळे बिबड्यांवर. रिकामे असतात ते फक्त कान. म्हणून यंदा मी मोबाइल एका रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा केला (आवाज घुमतो, स्पीकरचे पैसे वाचतात) आणि एका रहस्यकथेचं ऑडिओबुक लावून दिलं.

दुसऱ्याच वाक्याला शेजारची जिजी म्हणाली, "हुं."

मग प्रत्येक वाक्याला "हुं". कहाणीला हुंकारा द्यायचा असतो, नाही दिला तर सांगणारा थांबतो, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. डब्यातल्या बाईला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. जिजीने "मंग काय व्हयनं?" विचारेपर्यंत ती दुसऱ्या खुनापाशी पोचलेली. आणि माखलेल्या हाताने मोबाइल थांबवणार कोण? शेवटी भाचीला डब्याजवळ बसवलं. पगार ठरला, तेल घातलेला वाटीभर घाटा. जिजीने हात वर केला की कथा बंद. मग संशयितांची चौकशी. ती बहुतेक वेळा गल्लीतल्या कुणाच्या तरी सासूपर्यंत जायची. दोन तासांचं पुस्तक तीन सकाळी पुरलं.

मी स्वतः ऐकतो ते जळगावला जाता-येता, रेल्वेत, कानात बोंडं घालून, दीडपट वेगाने. हे जिजीला सांगितलं तर म्हणाली, "त्या बाईले कोनती गाडी धरनी शे?"

घरात हे खूळ आलं आईमुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवस वाचायचं नाही म्हटल्यावर ती कासावीस झाली होती. एडिसनने १८७७मध्ये फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी लिहिली, त्यात अंधांसाठी बोलकी पुस्तकं अगदी वर होती. अमळनेरला ती पोचायला जरा उशीर झाला, इतकंच. आईचा डोळा बरा झाला, पण सवय सुटली नाही. आमचं खातं एकच. एकदा रात्री मी अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक सकाळी गाडीत उघडलं, तर खुनी तुरुंगात. आईला फोन केला. "थोडंसंच ऐकलं रे," ती म्हणाली.

एक तक्रार मात्र आहे. वाचणारे गावाकडच्या पात्राला आवाज देतात तेव्हा नंदुरबार असो की सांगली, सगळ्यांच्या तोंडी तेच एक 'ग्रामीण' मराठी येतं. अहिराणीचा, आमच्या खान्देशी बोलीचा, तो 'शे' (म्हणजे 'आहे') नीट उच्चारणारा मला अजून भेटायचाय. आणि भाग कोणता, तर बहिणाबाईंचा! आसोद्याच्या या बाईला अक्षरओळख नव्हती. गाणी तोंडातून निघायची, मुलगा सोपानदेव आणि आणखी एक आप्त ती उतरवून घ्यायचे. १९५१ला त्या गेल्या, पुस्तक १९५२ला निघालं. म्हणजे इथे मुळात कानानेच ऐकलेलं मागाहून कागदावर गेलं. आमच्या कानांना इतकं सहज फसवता येणार नाही.

तिसऱ्या सकाळी खुनी सापडला. जिजीला तो मुळीच पसंत पडला नाही. डबा गप्प झाला, पण निम्मं पातेलं अजून शिल्लक होतं. मग तिने पदराला हात पुसले आणि पारोळ्याच्या माहेरच्या वाड्यातली एक चोरी सांगायला घेतली. आई म्हणाली, "हुं."

पोलीस पाटील दारात आला तिथे जिजीने घाटा घ्यायला हात वर केला, आणि भाचीने सवयीने मोबाइलवर बोट दाबलं.