पुढचा डावा ब्रेक अखेर सुटला

मुक्कामाची सोय असलेल्या माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक तिसऱ्यांदा उघडल्यावर काल ब्रेकमधील दोष सापडला, म्हणून गाडीतील कपाटाच्या कामाची नोंद पुढे ढकलून आधी ब्रेकविषयी लिहितो. ताम्हिणी घाट उतरून निजामपूरला थांबलो तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता आणि तापमापकाने डावी डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) 190 अंश, तर उजवी 110 अंश दाखवली होती, हे मागील नोंदीत आलेच आहे.

माझा सगळा संशय कॅलिपरवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर होता. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांवरचे वाळलेले ग्रीस खरवडून सिलिकॉन ग्रीस भरले आणि पिस्टनला नवे सील व बूट (धूळ रोखणारे रबरी आवरण) बसवले. पिना बोटाने सरकू लागल्या, तरीही दहा किलोमीटरच्या फेरीनंतर चाक तापलेलेच होते. त्यातच पहिले सील किट निकृष्ट निघाले. नाना पेठेतील एका दुकानाने खोक्याविना दिलेल्या त्या किटमधील बूट खोबणीत नीट बसतच नव्हता. ब्रेकच्या रबरी भागांत दोनशे रुपये वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

काल गाडी स्टँडवर घेऊन पेडल तीन वेळा दाबून सोडले. चाक हाताने हलेना. ब्रेकमधील एअर (हवा) काढण्याचा कॅलिपरवरचा निपल सैल करताच ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरले, म्हणजे दाब आत अडकून राहत होता. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबले आणि या वेळी कॅलिपरकडे ऑइल नेणारा रबरी होज (नळी) लोखंडी पाइपला जिथे जोडला जातो तो सांधा सैल केला. चाक घट्टच राहिले. या सांध्यावर चाक सुटले असते तर पेडलजवळ दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे वळावे लागले असते, पण न सुटल्यामुळे दोष होजमध्येच आहे हे निश्चित झाले.

बाहेरून त्या होजला एकही चीर नव्हती. ब्लेडने उभा चिरला तेव्हा मधल्या लोखंडी पट्टीखाली गंज फुगून रबर चहूबाजूंनी आवळले गेलेले दिसले आणि आतली वाट सुईच्या नेढ्याएवढी उरली होती. पायाच्या जोराने ऑइल पुढे जात होते, पण पिस्टन मागे येताना तेवढा जोर नसल्याने ते परतत नव्हते. गाडी 2011 ची, होज मूळचा आणि दरवर्षी कोकणातील खाऱ्या हवेत मुक्काम, हे पाहता मी याकडे आधीच लक्ष द्यायला हवे होते.

नवा होज तांब्याच्या नव्या वॉशरसह बसवला. संध्याकाळच्या फेरीनंतर दोन्ही डिस्कच्या तापमानात अवघ्या चार अंशांचा फरक होता आणि तो आकडा मी समाधानाने तीनदा तपासला.

चाक उघडलेच होते म्हणून हबमधील टेपर बेरिंगही धुऊन पाहिल्या; रोलर स्वच्छ निघाल्याने नवे ग्रीस भरून प्ले (बेरिंगमधील किंचित सैलपणा) जुळवला आणि स्प्लिट पिन नवी घातली.

पुढच्या रविवारी मागच्या ब्रेकचे लायनर (घर्षणाचे अस्तर) बदलायचे ठरले होते. मात्र एक होज असा निघाल्यावर उरलेल्यांवर विश्वास ठेवणे योग्य नाही, म्हणून आधी उजवा आणि मागच्या ॲक्सलचा होज बदलून संपूर्ण ब्रेक ऑइल काढून नवे डॉट 4 दर्जाचे भरणार आहे. ते हवेतील ओलावा शोषते. कोरड्या अवस्थेत किमान 230 अंशांचा उत्कलनबिंदू ओलाव्याने 155 अंशांपर्यंत येऊ शकतो आणि घाटात हा फरक महागात पडतो.

हे लिहितानाच आणखी एक शंका आली. मागच्या ॲक्सलवरील भारानुसार दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी गंजून अडकली असेल, तर मागचे ब्रेक कमी लागून पुढच्यांवरच सारा ताण येत असेल. आपल्या गाड्यांत पलंग आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी मागेच असल्याने हे तपासणे अधिकच गरजेचे आहे. त्यामुळे लायनर पुन्हा मागे पडले. टाकी भरून आधी वजनकाट्यावर दोन्ही ॲक्सलचे वजन स्वतंत्रपणे घेईन, मग दांडी मोकळी करीन आणि मागची एअर काढताना ॲक्सल लोंबकळत न ठेवता चाके रॅम्पवर टेकवून ठेवीन, कारण ॲक्सल लोंबकळत राहिला तर तो व्हॉल्व्ह ऑइलची वाट अडवतो.